झिजेचा हिशेब

श्रम वांचविणाऱ्या प्रत्येक यंत्राविषयीं मनुष्याचा एक गोड समज असतो. तो असा कीं, वांचलेले श्रम कोठें तरी नाहींसे झाले. आपले पाय दुखले नाहींत, कपाळावर घाम आला नाहीं, तेव्हां काम जणूं फुकटांत झालें! वस्तुतः काम तेवढेंच असतें. तें करणारा तेवढा बदलतो, आणि ज्याच्या अंगावरून तें जातें तो झिजतो. हें तत्त्व पुस्तकांत वाचून पटतें. परंतु बारा इंचांची पोलादी पट्टी घेऊन सायकलची चेन मोजावयास बसलें म्हणजे तें डोळ्यांनीं दिसतें. गेलीं कांहीं वर्षें आम्ही डहाणू रोड येथें विजेची डोंगरी सायकल वापरीत आहों. तिच्या निमित्तानें हा झिजेचा हिशेब आम्हांस जसा उमगला तसा वाचकांपुढें मांडण्याचा विचार आहे.

प्रथम ही सायकल घरांत कां आली तें सांगितलें पाहिजे. डहाणू रोड ही स्टेशनाभोंवतीं वाढलेली वस्ती. २०१३ सालच्या एप्रिल महिन्यांत मुंबईची लोकल येथवर येऊं लागली. परंतु स्टेशनाच्या दोन बाजूंस दोन निरनिराळे मुलूख आहेत, ही गोष्ट त्यामुळें बदलली नाहीं. पश्चिमेस समुद्र, सुरूचीं झाडें, चिकूच्या वाड्या आणि नरपड, चिखले, घोलवड, बोर्डी या गांवांकडे जाणारा सपाट रस्ता. पूर्वेस आशागड, गंजाड मागें पडलीं कीं रस्ता वरखालीं होऊं लागतो. पुढें चारोटीस महामार्ग लागतो. त्याच्या उत्तरेस विवळवेढ्याची महालक्ष्मी आणि तलासरीचा डोंगराळ भाग, आणि सरळ कासा ओलांडून गेलें म्हणजे जव्हारची चढण. पश्चिमेचें डहाणू साध्या सायकलीनें कोणासहि हिंडतां येतें. पूर्वेचें डहाणू साठीकडे झुकलेल्या गुडघ्यांस मिळत नाहीं. मोटारींतून तें दिसतें खरें. पण वारली पाड्यांकडे वळणारी पायवाट मोटारीच्या कामाची नाहीं, आणि चैत्रांत गळणाऱ्या मोहाच्या फुलांचा वास बंद कांचेंतून येत नाहीं. तो मुलूख हातचा जाऊं द्यावयाचा कीं नाहीं, एवढाच आमच्यापुढें प्रश्न होता; आणि त्याचें उत्तर म्हणून ही सायकल आली.

विजेच्या सायकलींत दोन कुळें आहेत. एका कुळांत मोटर चाकाच्या मध्यभागीं, हबमध्यें असते. दुसऱ्यांत ती दोन पॅडलांच्या मधोमध, क्रँकच्या आंसापाशीं असते. हीं दोन्ही कुळें वाटतात तितकीं नवीं नाहींत. चाकांतील मोटरीचें पेटंट ओग्डेन बोल्टन या अमेरिकन गृहस्थास १८९५ सालीं मिळालें, आणि दोनच वर्षांनीं होसिया लिबी यानें क्रँकपाशीं मोटर बसविण्याची कल्पना नोंदविली. परंतु पाय किती जोर लावीत आहे हें मोजून त्या मानानें मदत करणारी सायकल बाजारांत येण्यास १९९३ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं जपानांत यामाहा कंपनीनें ती विकावयास काढली. डोंगरी सायकल हें तर कॅलिफोर्नियांतील कांहीं तरुणांनीं १९७० नंतरच्या दशकांत टमाल्पाइस डोंगराच्या उतारावरून जुन्या सायकली पिटाळतां पिटाळतां जन्मास घातलेलें खूळ. या दोहोंचा संयोग होऊन आमच्यासारख्यांच्या दारांत उभी राहिली ती मधल्या मोटरीची डोंगरी सायकल.

हबमधील मोटर चाक थेट फिरविते. चेनीवर भार काय तो आपल्या पायांचा. म्हणून बोर्डीच्या रस्त्यास तिच्यासारखी सोयीची सायकल नाहीं. पण तिच्या मोटरीस गिअरांचा उपयोग नाहीं. चढावर चाक मंदावलें कीं मोटरहि मंदावते, आणि मंद फिरणारी मोटर काम थोडें करून उष्णताच अधिक करते. मधल्या मोटरीचें तसें नाहीं. ती आपल्या पायांची सख्खी बहीण आहे. पाय ज्या चेनीनें चाक ओढतात तीच चेन ती ओढते. चढ आला, मागील मोठ्या चकतीवर चेन चढविली, कीं पायांबरोबर मोटरीसहि हायसें वाटतें. हा तिचा मोठा गुण. परंतु दोन बहिणींचा संसार एकाच चेनीवर चालावयाचा म्हटल्यावर त्या चेनीचे हाल काय होत असतील याचा विचार दुकानांत कोणी करीत नाहीं.

थोडें गणित केल्याशिवाय ते हाल ध्यानांत यावयाचे नाहींत. पुढचें चेनव्हील ३४ दांत्यांचें धरूं. चेनीचा एकेक दुवा अर्ध्या इंचाचा, म्हणजे १२.७ मिलिमीटरचा, त्यावरून चेनव्हीलची त्रिज्या जेमतेम ६९ मिलिमीटर येते. पॅडलचा दांडा १७० मिलिमीटर लांब. तेव्हां आपण पॅडलवर ४० किलोंचा भार दिला तर चेनीस सुमारें १०० किलोंची ओढ बसते. डोंगरी सायकलींवरील जोरकस मोटरींचा पीळ ८५ न्यूटन-मीटरपर्यंत असतो. त्यानें त्याच चेनीस आणखी सव्वाशे किलोंची ओढ बसते. एकूण सव्वादोनशे किलो! आणि बारा चकत्यांच्या कॅसेटवर चालणारी ही चेन बाहेरून मोजली तर जेमतेम सव्वापांच मिलिमीटर रुंद.

आमच्या बाजारांतील मिस्त्रीनें ती प्रथम पाहिली तेव्हां तो हंसलाच. त्याची सारी हयात दूधवाल्यांच्या व पाववाल्यांच्या पोलादी सायकली दुरुस्त करण्यांत गेलेली. तो म्हणाला, "काका, ही चेन तर सुतळीएवढी, आणि हिला मोट ओढायला लावलीत!" उपमा आम्हांस इतकी चपखल वाटली कीं पुढें तिच्याहून चांगली सुचली नाहीं.

चेन ताणली असें आपण बोलतों. पण ती ताणत नाहीं. चेनींत शंभराहून अधिक सांधे असतात, आणि प्रत्येक सांध्यांत एक पिन फिरत असते. भाराखालीं फिरतां फिरतां पिन झिजते, सांधा केंसभर सैल होतो, आणि अशा शंभर केंसांची बेरीज होऊन चेन लांब झालेली दिसते. हान्स रेनॉल्ड यानें मँचेस्टर येथें १८८० सालीं रोलरची चेन तयार केली तेव्हांपासून हा नियम चालत आला आहे. मोजण्याची रीतहि सोपी. नव्या चेनीचे २४ दुवे म्हणजे बरोबर १२ इंच. एका पिनेच्या मध्यावर पट्टीचें शून्य धरावें आणि चोविसाव्या दुव्याची पिन पाहावी. ती बारा इंचांच्या रेघेपुढें एक-सोळांश इंच गेली असेल तर चेन शेंकडा अर्ध्यानें लांबली. या बारीक चेनीचें आयुष्य तेथें संपलें असें समजावें. मोह होतो कीं चालते आहे तोंवर चालूं द्यावी. परंतु लांबलेली चेन दांत्याच्या बुडाशीं न बसतां शेंड्याकडे चढते आणि चकतीचे दांते आंकड्यासारखे करून टाकते. मग नवी चेन घातली तरी ती त्या दांत्यांवर ठरत नाहीं. चढावर जोर दिला कीं सटकते, आणि पाय घसरून पडावयाची वेळ येते. चेन त्या मानानें स्वस्त, कॅसेट महाग. स्वस्त वस्तु वेळेवर टाकून महाग वस्तु राखावी, यांतच खरी काटकसर आहे.

कोणती चकती आधीं झिजते तेंहि मिस्त्रीनेंच दाखविलें. अकरा दांत्यांच्या सर्वांत लहान चकतीचे दांते टोकदार झाले होते. मोठ्या चकत्या नव्यासारख्या होत्या. लहान चकतीवर चेन एका वेळीं पांचसहा दांतेच धरते, मोठीवर तोच भार वीसपंचवीस दांत्यांत वांटला जातो. "चौघांची पालखी दोघांनीं उचलली कीं खांदे सोलतातच, काका," तो म्हणाला. "मग यावर उपाय काय रे?" असें विचारतां त्याचें उत्तर तयार होतें : "हलका गिअर ठेवा आणि पाय भरभर फिरवा. गिअर बदलतांना पाय जरा सैल सोडा. मोटर पायाचें ऐकते." मोटर पायाचें ऐकते हें अक्षरशः खरें आहे. पायाचा जोर मोजणारा कांटा आंत बसविलेला असतो. पायानें माघार घेतली कीं क्षणार्धांत मोटरहि माघार घेते. तेवढ्या अवकाशांत चेन एका चकतीवरून दुसरीवर बिनतक्रार जाते. भर चढावर, पूर्ण जोरांत, गिअर बदलला तर होणारा खाड्‌ असा आवाज म्हणजे दांत्यानें केलेली फिर्यादच होय.

त्यांत येथील हवा चेनीची वैरीण. समुद्राचा खारा वारा पोलादास गंजवितो, किनाऱ्यावरची बारीक वाळू तेलांत मिसळून तिचा पॉलिश पेपर होतो, आणि चार महिने पावसाचा चिखल तेल धुऊन नेतो. आमची पहिली चेन दोन कोरड्या ऋतूंत जेवढी झिजली तेवढीच दुसरी एका पावसाळ्यांत झिजली. उपाय आजीच्या औषधासारखे साधे आहेत. फेरी संपतांच फडक्यानें पुसावी. चिखल बसला असेल तर रॉकेलच्या फडक्यानें साफ करून पुरती वाळूं द्यावी. मग एकेका रोलरवर एकेक थेंब तेल सोडून पॅडल उलटें फिरवावें, आणि बाहेर राहिलेलें तेल पुसून काढावें. तेल सांध्याच्या आंत हवें. बाहेरचें तेल वाळूस आमंत्रण देतें. चेनव्हील ॲल्युमिनियमचें असेल तर पुढील खेपेस पोलादी घ्यावें. वजन थोडें वाढतें, आयुष्य बरेंच वाढतें.

येथवर चेनीचें झालें. आतां बॅटरी. लोक या दोन बाबी वेगळ्या समजतात. चेन मिस्त्रीकडची व बॅटरी दुकानदाराकडची. आमच्या मतें त्या एकाच वहीच्या जमा-खर्चाच्या दोन बाजू आहेत. मधल्या मोटरीच्या सायकलींत बॅटरींतून निघालेली आणि मोटरीनें कामीं लावलेली शक्ति चेनीवरूनच चाकाकडे जाते. दुसरा रस्ताच नाहीं. म्हणून बॅटरी किती मोठी घ्यावी असें विचारणें म्हणजे चेनीवरून किती ओझें न्यावयाचें असें विचारणेंच होय.

बॅटरीचें माप वॅट-तासांत करितात. ३६ व्होल्ट व १४ अँपिअर-तास यांचा गुणाकार ५०४. हिला ढोबळमानानें पांचशेची बॅटरी म्हणतात. साडेसातशेचीहि मिळते. दुकानांत साहजिकच मोठा आंकडा मोठें माहात्म्य सांगतो. परंतु आपला रस्ता काय मागतो तें आधीं पाहावें. आमचा सर्वांत लांबचा पल्ला जव्हारचा. सुमारें ६० किलोमीटर, आणि उंची साडेचारशे मीटर. मनुष्य, सायकल व शिदोरी मिळून १०५ किलो धरले तर तेवढी उंची चढण्यास सुमारें १३० वॅट-तास पुरतात. आश्चर्य वाटेल, पण खरा खर्च डोंगराचा नसून रस्त्याचा आणि वाऱ्याचा आहे. ताशी वीस किलोमीटरच्या चालीनें तीन तास जावयाचें, तर जाड टायरांचें घर्षण व समोरचा वारा मिळून आणखी सव्वातीनशेच्या आसपास मागतात. एकूण साडेचारशेंच्या घरांत. त्यांतला निम्मा वांटा पायांनीं उचलला आणि मोटरींतील नासधूस जमेस धरली, तर बॅटरींतून तीनशेच्या सुमारास खर्च पडतो. कांहीं वर्षांनीं पांचशेची बॅटरी म्हातारी होऊन चारशेवर आली तरी जव्हार हातांत राहतें. तेथें रात्रीं जेवतांना ती पुन्हां भरतां येते. उतरणीवर मात्र वीज परत मिळेल अशी आशा कोणीं धरूं नये. मागील चाक मोकळें फिरतें, आणि मधल्या मोटरीपर्यंत उताराचा जोर पोंचतच नाहीं.

मोठ्या बॅटरीविरुद्ध वजनाचें कारण पुष्कळ जण सांगतात. तें लटकें आहे. दीड किलो अधिक वजन जव्हारपर्यंत चढविण्यास दोन वॅट-तासहि लागत नाहींत. खरें कारण मनुष्यस्वभावांत आहे. भरलेला रांजण पाहिला कीं आपण तांब्या मोठा घेतों. साडेसातशेची बॅटरी असली कीं मदतीचा कांटा पहिल्या चढावरच शेवटच्या खुणेवर जातो. पाय नांवापुरते फिरतात, आणि चेनीवरची ओढ दुप्पट होते. पांचशेची असली कीं मनुष्य चढापुरतीच मदत मागतो, सपाटीवर आपल्या पायांनीं जातो. बॅटरी जशी वापरली जाते तशी चेन झिजते; आणि चेन झिजत नाहीं तेव्हां आपले गुडघे बळावत असतात. आमच्या डॉक्टरांनींहि गुडघ्यांस विश्रांति सांगितली नव्हती. हलका व्यायाम सांगितला होता.

याची दुसरी बाजूहि न्यायानें सांगितली पाहिजे. ज्यास रोज दूरवर जावें लागतें, ज्याच्या अंगीं जोर खरोखरच उरला नाहीं, किंवा जो पाठीवर ओझें वाहून पाड्यापाड्यांतून फिरतो, त्यानें मोठी बॅटरी घ्यावी. ती रोज पुरती रिकामी होत नाहीं, म्हणून भरण्या-रिकामी होण्याच्या फेऱ्या कमी होऊन अधिक काळ टिकते. परंतु महिन्यांतून दोनदां डोंगराकडे जाणाऱ्यानें ती घेऊन ठेवणें म्हणजे दोघांच्या घरांत वीस माणसांचें भांडें घेण्यासारखें आहे. शिवाय ही वस्तु भांड्यासारखी नुसती पडून राहत नाहीं. न वापरतांहि म्हातारी होते. ज्या लिथियम-आयन बॅटरीच्या शोधाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांस २०१९ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें, तिला काठोकाठ भरून ठेवणें मानवत नाहीं आणि उन्हाचा तडाखा तर मुळींच मानवत नाहीं. पावसाळ्यांत सायकल बांधून ठेवावयाची असेल तर ती निम्मी भरून, घरांतील थंड व कोरड्या जागीं ठेवावी. भर उन्हांतून आल्याबरोबर किंवा ओली असतांना भरावयास लावूं नये.

आकाराहूनहि महत्त्वाचा असा एक प्रश्न आहे : पांच वर्षांनीं हीच बॅटरी पुन्हां मिळेल काय? मधल्या मोटरीच्या पुष्कळ सायकलींत मोटर व बॅटरी यांची आपसांत खूणगांठ असते. दुसऱ्या घराण्याची बॅटरी व्होल्ट जुळले तरी ती मोटर स्वीकारीत नाहीं. "नाहीं मिळाली तर अमेरिकेहून भाचा येतांना आणील" असें आपल्या घरांत सहज म्हटलें जातें. तें व्हावयाचें नाहीं. १६० वॅट-तासांहून मोठी लिथियम बॅटरी प्रवाशास विमानांतून नेतां येत नाहीं. आपली सर्वांत लहान बॅटरीहि तिच्या तिप्पट. म्हणून सुटे भाग व बदली बॅटरी जिची ह्याच देशांत मिळते तीच सायकल घ्यावी, मग तिचा आंकडा दुसरीहून शंभरानें कमी कां असेना.

आतां विजेच्या खर्चाविषयीं. पांचशेची बॅटरी भरावयास अर्ध्या युनिटाहून थोडी अधिक वीज लागते. घरांतील बिलांत ती शोधून सांपडत नाहीं. यामुळेंच ही सायकल फुकट चालते असा समज होतो. पण तें अर्धें युनिट कोळशाच्या भट्टींतून यावयाचें झालें तर तीनशे-साडेतीनशे ग्रॅम कोळसा जळतो, आणि कोळशाची वीज कशी असते हें डहाणूकरांस कोणी शिकवावयास नको. येथील खाडीकांठीं ५०० मेगावॅटचें औष्णिक केंद्र १९९५ च्या सुमारास सुरू झालें, तें मुंबईच्या उपनगरांस वीज पुरविण्यासाठीं. त्यापूर्वीं १९९१ सालींच केंद्र सरकारनें डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीनें नाजूक ठरविला होता. चिकूच्या बागाइतदारांस राखेची व गंधकी धुराची धास्ती होती. १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून या तालुक्यासाठीं पर्यावरण-प्राधिकरण नेमलें गेलें. न्यायमूर्ति चंद्रशेखर धर्माधिकारी यांनीं त्याचें अध्यक्षपद अनेक वर्षें सांभाळलें. अखेर २००७ सालीं धुरांतील गंधकवायु धुऊन काढणारी यंत्रणा तेथें बसली. मुंबईंत दिव्याखालीं बसलेल्या मनुष्यास धुराडें दिसत नव्हतें. ज्यांच्या अंगावरून तो ताण जात होता ते मात्र तो मोजीत होते, आणि मोजून दाखविल्यावरच त्यावर उपाय झाला.

सायकलींतहि तेंच आहे, फक्त फार लहान प्रमाणावर. चढावर बसलेल्यास पुढची वाट दिसते. चेन दिसत नाहीं, कारण ती पायाशीं असते. म्हणून मदत घेऊं नये असें आम्हांस मुळींच म्हणावयाचें नाहीं. मदत घेतली नसती तर गंजाडच्या पुढचा मुलूख आम्हांस गतकाळांत जमा करावा लागला असता, आणि हातपाय धड असतां मनुष्यानें आपल्याच तालुक्यांत पाहुणा व्हावें यासारखें दुःख नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, मदत कोणाच्या अंगावरून येते तें ठाऊक असावें आणि त्याची झीज वेळच्या वेळीं मोजावी. आपल्या देशाच्या मोटार वाहन नियमांनीं पॅडलच्या विजेच्या सायकलीस मोटारगाडींतून वगळतांना ज्या अटी घातल्या आहेत त्या या दृष्टीनें मोठ्या शहाणपणाच्या आहेत. मोटर २५० वॅटहून कमी शक्तीची असावी, ताशी २५ किलोमीटरपर्यंत मदत सरत जावी, आणि पाय थांबला कीं मदतहि थांबावी. पाय थांबल्यावरहि जी चालू राहते तिला मदत म्हणत नाहींत. तिला वाहन म्हणतात. वाहनांत बसून डोंगर पाहावयाचा असेल तर चारोटीवरून एस.टी. जाते, आणि तिची चेन मोजावयाचें काम आपल्याकडे नसतें.